ड्राफ्टमध्ये न लागलेल्या आइस हॉकीच्या बचावपटूचा भाव पुन्हा कसा काढायचा

राळेगाव तालुक्यातल्या खरेदी केंद्रांवर मी सव्वीस हंगाम ग्रेडर म्हणून काढले. बंडीत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, अंगठा आणि तर्जनीत धागा ओढून लांबी पाहायची, एक सरकी दाताखाली फोडायची. कटकन फुटली तर माल वाळलेला, नुसती दबली तर ओल आहे. मग प्रत सांगायची आणि पुढच्या बंडीकडे वळायचं. एका बंडीला दोन मिनिटं, फार तर तीन. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा भाव तेवढ्या वेळात ठरायचा. माल खरा कसा होता ते कळायचं नंतर, जिनिंगमध्ये रेच्यावरून रुई निघाली की. त्याला आम्ही उतारा म्हणतो. क्विंटलभर कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई आली तर ठीक, छत्तीस आली तर माल उत्तम.

आइस हॉकी मला भाच्यानं लावली. तो कॅलगरीत राहतो. तिकडे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसातला लागतो, म्हणजे चहा झाला की फोन समोर ठेवायचा. २०१८-१९ च्या हंगामात असाच एक सामना चालू असताना तो म्हणाला, "मामाजी, हा पाच नंबरचा गडी पाहा. आमचा कप्तान. ड्राफ्टमध्ये याला कोणीच घेतलं नव्हतं." तो मार्क जिओर्डानो. त्या हंगामात त्यानं ७८ सामन्यांत १७ गोल आणि ५७ असिस्ट (गोलासाठी दिलेले पास) केले, आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेतली. कॅलगरी फ्लेम्सकडून खेळताना ती मिळवणारा तो पहिलाच.

भाच्यानं पुढे विचारलं, "मग आता मागे वळून पाहिलं तर कितव्या नंबरला घ्यायला पाहिजे होता?" मी वही उघडली. वाटलं, संध्याकाळपर्यंत आकडा निघेल. दोन महिने गेले, कारण मी सुरुवातच चुकीच्या टोकाकडून केली होती. तुम्हाला असा हिशोब करायचा असेल, खेळाडू कोणताही असो, तर कुठून धरायचं ते सांगतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच: बर्फावर एका बाजूचे सहा जण असतात. एक गोलरक्षक, तीन पुढे चाल करणारे, दोन बचावाचे. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, जिओर्डानोच्या काळात हंगामाला एका संघाचे ८२ सामने. दर उन्हाळ्यात लीगचे सगळे क्लब अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची आळीपाळीनं निवड करतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. तिथे बोली लागत नाही, पाळी येते. शेवटून येणाऱ्या संघांना साधारणपणे आधी पाळी, आणि नाव घेतलं की त्या पोराशी करार करण्याचा हक्क त्या क्लबचा.

माल बाजारात आला होता का?

पहिलं काम हेच. "ड्राफ्टमध्ये लागला नाही" या एका वाक्यात निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. स्वीडनचा बोर्ये साल्मिंग हा थोर बचावपटू १९७३ मध्ये टोरंटोनं सरळ करार करून आणला. तोही ड्राफ्टच्या कोणत्याच यादीत नाही. पण त्या काळात युरोपातल्या पोरांची नावं ड्राफ्टमध्ये जवळपास घेतलीच जात नसत. ज्याची बंडी बाजार समितीच्या फाटकातच आली नाही, त्याला ग्रेडरनं नाकारलं असं म्हणता येत नाही. साल्मिंगला कितवा नंबर द्यायचा हा प्रश्नच मग गैरलागू होतो.

जिओर्डानोचं तसं नाही. तो ऑक्टोबर १९८३ चा, जन्म टोरंटोचा. १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा पूर्ण होतात तो त्या वर्षीच्या ड्राफ्टचा, असा नियम. त्या हिशेबानं २००२ चा ड्राफ्ट त्याचा पहिला, आणि २००३ चा दुसरा आणि शेवटचा. २००२ चा ड्राफ्ट तर टोरंटोतच भरला होता, त्याच्या स्वतःच्या गावात. तेव्हा नऊ फेऱ्या व्हायच्या आणि एका वर्षी तीनशेच्या थोडी कमी नावं घेतली जायची. दोन्ही वर्षं मिळून साडेपाचशेहून जास्त पोरांची नावं पुकारली गेली, त्यात याचं नाही. ज्या कॅलगरीनं पुढे त्याला कप्तान केलं, त्या कॅलगरीनंही दोन्ही वर्षं आपल्या सगळ्या पाळ्या दुसऱ्यांवर लावल्या. म्हणजे माल बाजारात होता, दोनदा होता, आणि दोन्ही वेळा परत गेला.

जन्मतारीख नीट लिहून ठेवा. बऱ्याच खेळाडूंच्या बाबतीत "तो आपल्या तुकडीत वयानं लहान होता, म्हणून उशिरा भरला" असं म्हणता येतं आणि ते खरंही असतं. ऑक्टोबरचा जन्म म्हणजे मात्र जिओर्डानो २००२ च्या तुकडीत थोरल्यांपैकी होता. ही सबब त्याला लागू नाही.

वहीची दोन पानं

डाव्या पानावर वर लिहा: त्या दिवशी. उजव्या पानावर लिहा: उतारा. डाव्या पानावर फक्त तेच लिहायचं जे त्या दिवशी त्या सभागृहात बसलेल्या माणसाला माहीत होतं, किंवा थोडी तसदी घेतली असती तर माहीत झालं असतं. उजव्या पानावर त्यानंतरचं सगळं. एका पानाची शाई दुसऱ्या पानावर उमटू द्यायची नाही. हे लिहायला सोपं आहे. माझं पहिलं पान तीनदा फाडावं लागलं, कारण नॉरिस ट्रॉफी डोक्यात ठेवून मी त्या पोराचं वर्णन लिहीत होतो. "शांत डोक्याचा", "पुढारपणाचे गुण", असलं काहीबाही. हे २००२ मध्ये कोणी पाहिलं होतं? मी तर पाहिलं नव्हतंच.

इथे मला माझी एक बंडी सांगायची आहे. एकाधिकार खरेदीचे, म्हणजे कापूस फक्त सरकारच विकत घेण्याचे दिवस होते, दिवाळीनंतरचा पहिला मोठा बाजार. केंद्रासमोर रस्त्याच्या कडेनं बंड्यांची रांग लागलेली, बैल सोडून लोक रात्रीपासून आलेले. एका बंडीचा वरचा थर पिवळट पडला होता. वाटेत पावसाचा शिडकावा लागलेला दिसत होता. मी वरूनच मूठ काढली आणि दुसरी प्रत सांगितली. शेतकरी काही भांडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, हात खाली घाला जी." मागे चाळीस बंड्या होत्या. मी हात खाली घातला नाही. दुसऱ्या प्रतीचा माल त्या दिवशी तेवढाच आला, म्हणून तो वेगळाच रेच्यावर गेला. दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या मुकादमानं सांगितलं, उतारा छत्तीस. त्या माणसाचा चुकारा तोपर्यंत खालच्या भावानं निघाला होता. त्याचे पैसे मी परत देऊ शकलो नाही, आणि ही गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

पण त्या दिवसापासून मी दोन चुका वेगळ्या ओळखायला शिकलो. एक चूक अशी की दिसण्यासारखं काहीच नव्हतं आणि पुढे माल चांगला निघाला. ती ग्रेडरची चूक नाही. दुसरी अशी की हात कोपरापर्यंत घातला असता तर कळलं असतं, आणि आपण घातला नाही. ती आपली चूक. मागे वळून भाव काढताना सगळ्यात मोलाचं काम हेच: कोणती चूक झाली ते ठरवणं.

आता जिओर्डानोचं डावं पान भरा. २००२ च्या उन्हाळ्यापर्यंत तो ब्रॅम्प्टनला, ओन्टारियोतल्या दुसऱ्या पायरीच्या ज्युनियर हॉकीत खेळत होता. मुख्य ज्युनियर लीगचा एकही हंगाम त्याच्या नावावर नव्हता. पाहणाऱ्यांची गर्दी असते ती मुख्य लीगमध्ये. २००२ च्या पानावर मी लिहिलं: दिसण्यासारखं फारसं नव्हतं, न घेणाऱ्यांना दोष नाही.

२००३ चं पान वेगळं आहे. मधल्या हंगामात तो ओवेन साउंड अटॅक या मुख्य लीगच्या संघाकडून खेळला आणि पहिल्याच वर्षी त्यानं १८ गोल, ३० असिस्ट, असे ४८ गुण केले. बचावपटूच्या मानानं हे भरपूर झालं. हे आकडे छापील होते, कोणालाही वाचता येत होते. मग का घेतला नाही? कारणही डाव्या पानावरच लिहायला हवं, नाहीतर हिशोब एकतर्फी होतो. त्या लीगमध्ये सोळा ते वीस वर्षांची पोरं असतात, आणि हा एकोणिसाचा. सतरा वर्षांच्या पोरानं केलेले ४८ गुण आणि एकोणीस वर्षांच्यानं केलेले ४८ गुण यांना पाहणारा एकच भाव देत नाही. ते बरोबरही आहे. वय वजा करूनच आकडा वाचायचा. पण वजा करून शून्य उरत नाही. नऊ फेऱ्यांत, जिथे शेवटी शेवटी क्लब नुसत्या अंदाजावर नावं घेतात, तिथे त्याला जागा होती. २००३ च्या पानावर मी लिहिलं: हात खाली घातला नाही.

शेजारच्या बंड्या पाहा

प्रत कधी एकट्या मालाची ठरत नाही. त्या दिवशी बाजारात बाकीचं काय आलं आहे त्यावरही ठरते. म्हणून खेळाडूचा भाव काढताना त्या वर्षाची सगळी यादी समोर घ्या आणि त्यातले बचावपटू वेगळे काढा.

२००२ ची यादी तशी विरळ आहे. पहिल्या नंबरला रिक नॅश, तिसऱ्या नंबरला बचावपटू जे बाउमीस्टर, जो पुढे कॅलगरीत जिओर्डानोसोबतच खेळला. ५४ व्या नंबरला शिकागोनं डंकन कीथ घेतला. त्यानं दोन नॉरिस ट्रॉफ्या आणि तीन स्टॅनली कप (लीगचं अजिंक्यपद) मिळवले. दहाव्या नंबरला कॅलगरीनं एरिक निस्ट्रॉम या चाल करणाऱ्या खेळाडूला घेतलं. त्या वर्षीचे बचावपटू पूर्ण कारकिर्दीवर मांडले तर कीथ पहिला, आणि दुसऱ्या जागेसाठी बाउमीस्टर आणि जिओर्डानो यांच्यात वाद घालता येईल. मी जिओर्डानोला पुढे ठेवतो. सामने बाउमीस्टरचे जास्त आहेत, पण गोल आणि गुणांत तो बराच मागे आहे.

२००३ ची यादी पाहून मात्र मी वही मिटून उठलो होतो. तेवढं भरलेलं वर्ष क्वचित येतं. रायन सूटर सातवा, डियॉन फानॉफ नववा (हा कॅलगरीनंच घेतला), ब्रेंट सीब्रुक चौदावा, शे वेबर ४९ वा. विसाव्या नंबरला मिनेसोटानं ब्रेंट बर्न्सला चाल करणारा म्हणून घेतलं. तो पुढे बचावात गेला आणि २०१७ ची नॉरिस त्याची. डस्टिन बफलिन २४५ वा. जिओर्डानो तोच, पण २००२ च्या बाजारात त्याचा दर्जा दुसरा-तिसरा आणि २००३ च्या बाजारात पाचवा-सहावा. त्यामुळे कोणी तुम्हाला नुसतंच सांगितलं की "तो पहिल्या पाचात जायला पाहिजे होता", तर आधी विचारा, कोणत्या वर्षीच्या?

बचावाचं काम कशानं मोजायचं

हा भाग मला सगळ्यात अवघड गेला आणि सगळ्यात आवडलाही. आमच्याकडे कबड्डी आहे म्हणून समजला. एखादा कोपरारक्षक असा असतो की त्याच्या बाजूला चढाईवाला जातच नाही. सामना संपतो, वहीत त्याच्या नावावर दोन पकडी असतात आणि शेजारच्याच्या नावावर सहा. जो नुसती वही वाचतो तो म्हणतो, सहावाला भारी. जो मैदानाच्या कडेला बसला होता त्याला माहीत असतं की सगळ्या चढाया त्या सहावाल्याकडे का वळल्या.

हॉकीतही तसंच. गोल आणि असिस्ट मोजायला सोपे म्हणून लोक तेवढेच मोजतात. त्यांना किंमत आहे, पण बचावपटूसाठी ती अर्धीच. प्लस-मायनस नावाचा एक आकडा असतो: साधारणपणे, तुम्ही बर्फावर असताना तुमच्या संघानं किती गोल केले आणि किती खाल्ले यातला फरक. जिओर्डानोचा नॉरिसच्या हंगामात तो अधिक ३९ होता. आकडा मोठा आहे, पण त्यात सोबत्यांचा आणि गोलरक्षकाचा वाटा मिसळलेला असतो, म्हणून एका हंगामावर विसंबू नका, सहा-सात हंगाम सलग पाहा. मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो तो मिनिटांवर. सामन्याच्या साठ मिनिटांपैकी प्रशिक्षक कोणाला किती वेळ बर्फावर ठेवतो? त्या हंगामात जिओर्डानो सामन्याला सरासरी चोवीस मिनिटांच्या आसपास खेळला, तेही पस्तिसाव्या वर्षी. प्रशिक्षकाला रोज जिंकायचं असतं. तो कोणावर मेहरबानी म्हणून चोवीस मिनिटं देत नाही.

आणि बचावपटू उशिरा तयार होतो हे धरूनच चाला. मूग साठ-सत्तर दिवसांत घरी येतो, तूर सहा महिने रानात उभी असते. चाल करणाऱ्याची बोटं आणि वेग अठराव्या वर्षी दिसतो. बचावपटूला समोरून येणाऱ्या माणसाचा पुढचा पवित्रा ओळखावा लागतो, आणि ते हजार वेळा फसल्याशिवाय येत नाही. अठराव्या वर्षी बचावपटूची प्रत ठरवणं म्हणजे भाद्रपदात तुरीचं पीक मोजणं आहे.

उतारा कोणाच्या घरात पडला?

हे कलम बहुतेक लोक विसरतात. मीही विसरलो होतो, आणि भाच्याशी माझा वाद इथेच आहे.

ड्राफ्टमधली पाळी म्हणजे क्लबचा खर्च. त्या खर्चातून क्लबला काय मिळालं असतं, तेवढीच ड्राफ्टची किंमत. खेळाडूची पूर्ण कारकीर्द हा वेगळा हिशोब. त्या काळी ज्युनियर लीगमधून घेतलेल्या पोराशी दोन वर्षांत करार करावा लागायचा, नाहीतर हक्क जायचा. आणि २००५ च्या करारनाम्यानंतर खेळाडू साधारण सत्ताविसाव्या वर्षी किंवा सात हंगाम झाले की पूर्ण मोकळा होतो, मग कुठेही जाऊ शकतो. म्हणून उजव्या पानाच्या मधोमध एक आडवी रेघ ओढा. रेघेच्या वर सत्तावीसपर्यंतचं, खाली नंतरचं. घेणाऱ्या क्लबच्या हक्काचं तेवढं वरचं. खालचं ज्या क्लबनं त्याला टिकवलं, पुन्हा करार केला, त्याच्या पुण्याईचं.

जिओर्डानोच्या रेघेच्या वर काय आहे ते पाहा. २००४ च्या उन्हाळ्यात तो यॉर्क विद्यापीठात शिकायला जायच्या तयारीत होता. कॅलगरीनं त्याला शिबिराला बोलावलं आणि करार दिला, ड्राफ्टची एकही पाळी न खर्चता. त्याच जूनमध्ये कॅलगरी स्टॅनली कपची अंतिम मालिका टॅम्पाकडून सातव्या सामन्यात हरली होती, आणि टॅम्पाच्या बचावात डॅन बॉयल होता, तोही कोणत्याच ड्राफ्टमध्ये न लागलेला. पुढचा पूर्ण हंगाम टाळेबंदीमुळे लीग बंदच राहिली. जिओर्डानो लोवेलला, मग ओमाहाला, खालच्या लीगमध्ये खेळला. जानेवारी २००६ मध्ये मोठ्या लीगचा पहिला सामना. २००६-०७ मध्ये ४८ सामने. मग कराराच्या अटींवर बोलणी फिसकटली आणि २००७-०८ चा हंगाम तो मॉस्कोच्या डायनॅमोकडून खेळला. २००८ मध्ये कॅलगरीनं त्याला तीन वर्षांच्या करारावर परत आणलं. पूर्ण ८२ सामन्यांचा पहिला हंगाम २००९-१० चा, म्हणजे वयाच्या सव्विसाव्या वर्षी. २०१०-११ मध्ये ४३ गुण.

रेघ इथे येते. वर जेमतेम पावणेतीनशे सामने. कप्तानपद २०१३ चं, नॉरिस २०१९ ची, सिएटल क्रॅकेनचा पहिला कप्तान झाला तो २०२१ मध्ये, शेवटी टोरंटोत घरी परतला. अकराशेहून जास्त सामन्यांची कारकीर्द, आणि तिचा बहुतेक भाग रेघेच्या खाली.

आता त्याच रेघेनं डंकन कीथ मोजा. २०१० मध्ये, सत्ताविसावं लागायच्या आधी, स्टॅनली कप आणि नॉरिस दोन्ही त्याच्याकडे आले होते. दोघांची पूर्ण कारकीर्द जवळ ठेवता येईल. ड्राफ्टची किंमत मात्र जवळ ठेवता येत नाही.

आणखी एक गोष्ट डाव्या पानाच्या तळाशी लिहून ठेवा. एखाद्या क्लबनं त्याला २००३ मध्ये घेतलं असतं, तर मधला रशियाचा हंगाम त्या क्लबनं सोसला असता का? परतीची वाट ठेवली असती का? कॅलगरीनं ठेवली. दुसऱ्या गावी पेरलं असतं तर हेच बी असंच आलं असतं, असं धरून चालू नका. जमीन वेगळी, पाणी वेगळं.

न उगवलेलंही मोजा

दर उन्हाळ्यात प्रत्येक क्लबच्या शिबिराला ड्राफ्टमध्ये न लागलेली पोरं येतात. बहुतेक घरी परततात आणि त्यांची नावं आपल्याला कधी कळत नाहीत. जिओर्डानो, बॉयल, टोरी क्रुग अशी तीन-चार नावं घेऊन "पाहणाऱ्यांना काही कळत नाही" असं म्हणणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. माझ्या सव्वीस हंगामांत मी खालची प्रत दिलेल्या बंड्यांचा उतारा बहुतेक वेळा खालचाच आला. तो आला म्हणून कोणी माझ्याकडे येऊन बोललं नाही. छत्तीसवाली एक बंडी मात्र मला आजही आठवते. मागे वळून भाव काढताना ही एक बंडी डोळ्यांसमोर असते आणि बाकीच्या हजार दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वहीत जाणूनबुजून जागा ठेवावी लागते. मी तसं करतो: ज्या फेरीत त्याला बसवायचं आहे त्या फेरीतली त्या वर्षीची सगळी नावं लिहितो आणि प्रत्येकापुढे मोठ्या लीगचे सामने मांडतो. पाचव्या-सहाव्या फेरीत किती नावांपुढे शून्य येतं ते स्वतःच्या हातानं लिहिल्याशिवाय पटत नाही.

माझा आकडा

शेवटी आकडा द्यायचा, आणि दोन द्यायचे. डाव्या पानाचा एक, उजव्या पानाच्या रेघेवरचा एक. त्यांची सरासरी काढू नका. ते दोन निरनिराळ्या प्रश्नांचे भाव आहेत.

जिओर्डानो, २००२: डाव्या पानावर, न घेणं योग्य. उजव्या पानावर, तीस ते चाळीसच्या दरम्यान. यादी विरळ होती म्हणून वर आला. २००३: डाव्या पानावर, पाचवी किंवा सहावी फेरी, वयाची वजाबाकी करून. उजव्या पानावर, साठ ते पंचाहत्तर. नुसत्या कारकिर्दीवर बसवला तर दोन्ही वर्षी पुष्कळ वर जाईल, पण मला विचारलं होतं ड्राफ्टबद्दल.

भाच्याला हे मान्य नाही. तो म्हणतो, "मामाजी, अठरा वर्षं खेळलेल्या माणसाला तुम्ही सत्ताविसाव्या वर्षी कापून टाकता." त्याचं म्हणणं असं की पहिल्या क्लबला पुन्हा करार करण्याची संधी सगळ्यांच्या आधी मिळते, आणि त्या संधीलाही भाव असला पाहिजे. या बोलण्यात दम आहे. म्हणून मी रेघ पुसून पुन्हा ओढली आणि रेघेखालच्या पहिल्या कराराचे अर्धे हंगाम वर घेतले. २०१० मध्ये त्यानं कॅलगरीशी पाच वर्षांचा करार केला होता, त्यातली अडीच वर्षं मोजली. २००३ च्या यादीत तो पन्नासच्या जवळ सरकला. त्यापलीकडे मी सरकवणार नाही.

आता वहीत ब्रायन रॅफाल्स्की या ड्राफ्टमध्ये न लागलेल्या आणखी एका बचावपटूचं पान उघडलं आहे. जन्म १९७३, मिशिगनचा. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळला, मग चार वर्षं स्वीडन आणि फिनलंडमध्ये. मोठ्या लीगचा पहिला सामना १९९९ मध्ये, न्यू जर्सीकडून, सव्विसाव्या वर्षी, आणि त्याच हंगामाच्या शेवटी स्टॅनली कप. पुढे आणखी दोन कप. याच्या रेघेच्या वर जेमतेम एक हंगाम उरतो आणि त्या एका हंगामात कप आहे. अठराव्या वर्षी त्याचं नाव घेणाऱ्या क्लबला आठ वर्षं वाट पाहावी लागली असती. शिवाय त्याच्या वेळी मोकळं होण्याचं वय एकतीस होतं, म्हणजे रेघ माझ्या सवयीच्या जागी ओढता येणार नाही, चार वर्षं खाली घ्यावी लागेल. डावं पान अजून कोरं आहे. विस्कॉन्सिनच्या त्या चार हंगामांचे आकडे भाचा रविवारी पाठवणार आहे.